मिस्टर रिपब्लिकन यांचा अर्धाच वारसा

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांनी इराणच्या तीन अणुकेंद्रांवर हल्ला केला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, युद्धाचा कोणताही ठराव केलेला नव्हता. हल्ल्यानंतर काही दिवसांतच, इराणविरुद्धच्या पुढील कारवाईसाठी काँग्रेसची संमती आवश्यक ठरवणारा प्रस्ताव सिनेटपुढे आला. तो ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला गेला. रिपब्लिकन सिनेटरांपैकी केंटकीचे रँड पॉल तेवढे प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर दोन महिन्यांनी भारतीय मालावरील आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर गेले. मुंबईच्या सीप्झमधील दागिन्यांच्या कारखानदारांपासून तिरुपूरच्या कापड निर्यातदारांपर्यंत अनेकांची झोप उडवणारा हा निर्णयही कोणत्या विधेयकातून आलेला नव्हता. १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन काढलेल्या अध्यक्षीय आदेशातून तो आला होता. अशा आदेशांच्या वैधतेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वास्तविक युद्ध पुकारणे आणि आयातशुल्क आकारणे हे दोन्ही अधिकार अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाने काँग्रेसच्या हाती दिलेले आहेत.

या धोरणांच्या माथ्यावर ‘अमेरिका फर्स्ट’ अशी पाटी आहे आणि या पाटीचे पूर्वज शोधू लागले की ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांचे नाव हमखास पुढे येते. २००८ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरलेले रॉन पॉल, म्हणजे रँड पॉल यांचे वडील, आपल्या परराष्ट्र धोरणासाठी टाफ्ट यांचाच दाखला देत असत. परदेशांशी लष्करी करार नकोत, युरोपच्या रक्षणाचा भार अमेरिकेने का वाहावा, देशी उद्योगांना शुल्काचे संरक्षण हवे, ही सारी भाषा टाफ्ट यांच्या भाषणांत सापडते. वरवर पाहता वंशावळ जुळते. तथापि टाफ्ट यांच्या राजकारणाचा कणा दुसराच होता. कारण कितीही चांगले असो, संकट कितीही मोठे असो, सत्ता एका माणसाच्या हाती एकवटू द्यायची नाही, हा तो कणा. आज त्यांच्या नावाने मिरवणाऱ्यांनी वारशातला सोयीचा अर्धा भाग उचलला आणि अडचणीचा अर्धा भाग माळ्यावर टाकून दिला.

रॉबर्ट अल्फान्सो टाफ्ट यांचा जन्म १८८९ मध्ये सिनसिनाटीत झाला. वडील विल्यम हॉवर्ड टाफ्ट हे १९०९ ते १९१३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष आणि नंतर सरन्यायाधीश होते. ही दोन्ही पदे भूषवणारा दुसरा माणूस अमेरिकेच्या इतिहासात नाही. मुलगा येल विद्यापीठात पहिला आला, हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातही पहिला आला. दृष्टी अधू म्हणून पहिल्या महायुद्धात सैन्याने त्याला नाकारले. तेव्हा तो हर्बर्ट हूवर यांच्या अन्नविषयक प्रशासनात आणि युद्धानंतर युरोपातील मदतकार्यात राबला. उपाशी युरोप त्याने डोळ्यांनी पाहिला होता. टाफ्ट यांना जगाविषयी अज्ञानी ठरवणाऱ्या टीकाकारांना या तपशिलाचा अनेकदा विसर पडतो. जगाची ओळख नसल्यामुळे नव्हे, तर ती झाल्यानंतर त्यांचे मत बनले होते. ते मत बरोबर होते की चूक, हा अर्थात वेगळा प्रश्न.

ओहायोच्या विधिमंडळात सभापतिपदापर्यंत पोहोचून १९३८ मध्ये ते सिनेटवर निवडून आले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ची सहा वर्षे उलटली होती आणि मतदारांच्या एका वर्गाला सरकारच्या वाढत्या पसाऱ्याची धास्ती वाटू लागली होती. टाफ्ट यांचे व्यक्तिमत्त्व मात्र राजकारण्याचे नव्हते. आवाज रुक्ष, भाषणे आकडेवारीने भरलेली, पाठीवर थाप मारण्याची कला मुळीच अवगत नाही. ती उणीव त्यांच्या पत्नी मार्था भरून काढत. एका सभेतली त्यांची हकिगत प्रसिद्ध आहे. श्रोते खाणकामगार होते आणि प्रतिस्पर्धी आपल्या गरिबीतून आल्याचे भांडवल करीत होता. मार्थाबाई उठल्या आणि त्यांनी सरळ सांगून टाकले की, आपले यजमान काही साधेसुधे गृहस्थ नाहीत, ते मोठ्या घरातले आहेत, उत्तमोत्तम विद्यापीठांत पहिले आले आहेत. आणि तुमचे गाऱ्हाणे मांडायला असाच माणूस तुम्हाला हवा असेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मतदाराला मूर्ख न समजण्याची ही रीत टाफ्ट दांपत्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

सिनेटमधील त्यांची पहिली दोन-तीन वर्षे मात्र आज वाचताना अवघडल्यासारखे होते. १९४० च्या सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांचा विरोध होता. ब्रिटनला युद्धसामग्री पुरवणाऱ्या १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्यालाही होता. युद्धसामग्री उसनी देणे म्हणजे च्युइंग गम उसने देण्यासारखे आहे, चघळलेले परत कोण घेणार, अशी त्यांची कोटी होती. हिटलर अटलांटिक ओलांडून अमेरिकेवर चालून येईल ही भीती त्यांना अवास्तव वाटत होती. युद्धात उतरल्याने देशांतर्गत स्वातंत्र्यांची होणारी हानी त्यांना अधिक खरी वाटे. हिटलरच्या बाबतीत हा हिशेब चुकला. शत्रूच्या स्वरूपाचे आकलन कमी पडले, ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी उणीव होय, आणि सहानुभूतीने लिहिणाऱ्यानेही ती झाकू नये. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर युद्धाच्या ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला, हे खरे. पण तोवर इतिहासाने निकाल दिला होता.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र लगेच दिसून आली. मार्च १९४२ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या रहिवाशांवर लष्करी आदेश लादता यावेत म्हणून ते मोडणाऱ्यास शिक्षा देणारे विधेयक सिनेटपुढे आले. पुढे सुमारे एक लाख वीस हजार माणसे छावण्यांत डांबली गेली आणि त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होती. ज्या रूझवेल्ट यांना उदारमतवाद्यांचा मेरुमणी मानले जाते, त्यांच्याच सहीने हे घडत होते. विधेयकाच्या ढिसाळ आणि मोकाट शब्दरचनेवर सिनेटमध्ये उघड आक्षेप घेणारे टाफ्ट होते. असा फौजदारी कायदा शांततेच्या काळात घटनेच्या कसोटीवर टिकणार नाही, असे त्यांनी सांगितले. विधेयक अडवण्याइतके पुढे मात्र ते गेले नाहीत, आणि आवाजी मताने ते मंजूर झाले. आक्षेप नोंदवून थांबणे ही त्यांची मर्यादा होती. तरी त्या दिवशी सभागृहात बाकीच्यांनी तेवढेही केले नाही.

त्यांचे नाव सामान्य अमेरिकी माणसाच्या तोंडी बसले ते मात्र कामगार कायद्यामुळे. १९४६ हे संपांचे वर्ष होते. युद्धकाळात गोठवलेली मजुरी आणि नंतर भडकलेली महागाई यांच्या कात्रीत सापडलेले सुमारे ४६ लाख कामगार त्या एका वर्षात संपावर गेले. कोळसा, पोलाद, मोटारी, रेल्वे, काहीच सुटले नाही. मे महिन्यात रेल्वे बंद पडल्यावर अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचा संयम संपला. काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढे येऊन त्यांनी संपकऱ्यांना सरळ सैन्यात भरती करण्याचा अधिकार मागितला. भाषण चालू असतानाच संप मिटल्याची चिठ्ठी त्यांच्या हाती आली, तरीही प्रतिनिधिगृहाने दोन तासांच्या आत ३०६ विरुद्ध १३ अशा प्रचंड बहुमताने विधेयक मंजूर करून टाकले. कामगारांचा कैवारी म्हणवणाऱ्या पक्षाचा अध्यक्ष संपकऱ्यांच्या अंगावर खाकी चढवायला निघाला होता आणि त्याला अडवायला सिनेटमध्ये उभा राहिला तो भांडवलदारांचा माणूस म्हणून ओळखला जाणारा टाफ्ट. फ्लोरिडाचे डावे सिनेटर क्लॉड पेपर यांची त्यांना साथ मिळाली. भरतीचे कलम अखेर सिनेटने काढून टाकले. संप मोडणे टाफ्ट यांना अमान्य होते असे नाही. माणसाला शिक्षा म्हणून सैन्यात ढकलण्याचा अधिकार सरकारला असणे त्यांना अमान्य होते.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे आली आणि टाफ्ट सिनेटच्या कामगारविषयक समितीचे अध्यक्ष झाले. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटनांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला होता. पण त्या कायद्यात मालकांवर जशी बंधने होती तशी संघटनांवर नव्हती. हा तोल बदलण्यासाठी टाफ्ट आणि न्यू जर्सीचे प्रतिनिधी फ्रेड हार्टली यांच्या नावाचा कायदा १९४७ मध्ये आला. नोकरी लागण्याआधीच संघटनेचे सभासदत्व असले पाहिजे, या अटीवर म्हणजे ‘क्लोज्ड शॉप’वर त्याने बंदी घातली. ज्या कारखान्यात वाद आहे त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्याच कारखान्यावर बहिष्कार टाकण्यास मनाई केली. राष्ट्रीय हितास धोका पोहोचेल असा संप ऐंशी दिवस थांबवण्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा अध्यक्षांना दिली. आपण कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी द्यावे, अशी अपमानास्पद अटही त्यात होती. हार्टली यांचा मूळ मसुदा याहून बराच जहाल होता; टाफ्ट यांनी सिनेटमध्ये तो मवाळ केला, हे संघटनांच्या नेत्यांनी कधीच मान्य केले नाही. त्यांच्या लेखी हा ‘गुलामगिरीचा कायदा’ होता. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहाने ३३१ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ६८ विरुद्ध २५ मतांनी तो झुगारला. डेमोक्रॅटिक पक्षाचे कितीतरी सदस्य टाफ्ट यांच्या बाजूने मतदान करून गेले.

कायद्यातील सर्वांत दूरगामी कलम तेव्हा अनेकांच्या नजरेतून सुटले. संघटनेची वर्गणी नोकरीची अट म्हणून सक्तीची करण्यास कोणत्याही राज्याला मनाई करता येईल, असे ते कलम. दक्षिणेकडील राज्यांनी त्याचा भराभर लाभ उठवला आणि उत्तरेतील कारखाने हळूहळू स्वस्त व असंघटित मजुरीच्या दिशेने सरकू लागले. १९६५-६६ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हे कलम रद्द करण्याचा प्रयत्न केला, तो सिनेटमध्ये लांबलचक भाषणे करून हाणून पाडला गेला. पन्नासच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सुमारे एकतृतीयांश कामगार संघटित होते. २०२४ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही किंचित खाली आले. या घसरणीला यांत्रिकीकरण, आयात, सेवाक्षेत्राची वाढ अशी अनेक कारणे आहेत. सारे पाप एका कायद्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तराजू समतोल करायला निघालेल्या टाफ्ट यांनी एका पारड्यात किती वजन टाकले, याचा अंदाज त्यांना स्वतःला आला असेल असे वाटत नाही.

याच माणसाने गरिबांच्या घरांसाठी सरकारी पैसा मागितला, हे ऐकून त्या काळीही लोक चक्रावत. न्यूयॉर्कचे रॉबर्ट वॅग्नर (ज्यांचा कामगार कायदा टाफ्ट यांनी मोडीत काढला तेच) आणि लुइझियानाचे ॲलन एलेंडर यांच्याबरोबर त्यांनी गृहनिर्माणाचे विधेयक वर्षानुवर्षे रेटले. बांधकाम व्यावसायिक आणि जमीनजुमल्याचे दलाल यांची संघटित ताकद विरोधात होती, स्वपक्षीयही समाजवादाची बाधा झाल्याचे टोमणे मारीत होते. १९४९ मध्ये कायदा झाला आणि ८ लाख १० हजार सार्वजनिक घरांचे उद्दिष्ट ठरले. शिक्षणासाठी राज्यांना केंद्राची मदत देण्याच्या योजनेला आधी विरोध करून, आकडेवारी तपासल्यावर त्यांनी मत बदलले आणि मग तिचा पुरस्कार केला. मिसिसिपीतल्या मुलाच्या शाळेवर होणारा खर्च आणि न्यूयॉर्कमधल्या मुलाच्या शाळेवर होणारा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला निदान सुरुवातीची रेषा तरी सारखी मिळावी, एवढा समाजवाद त्यांच्या परंपरावादाला पचत होता. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र तो डळमळला. मतदानावरील कर आणि जमावाने केलेल्या हत्या यांविरुद्धच्या कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता, पण नोकरीतील भेदभाव रोखणाऱ्या सक्तीच्या केंद्रीय आयोगाला नव्हता.

ऑक्टोबर १९४६ मधील त्यांच्या एका भाषणाने तर हितचिंतकांनी कपाळाला हात लावला. न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने बारा नाझी नेत्यांना फाशी सुनावून आठवडाही झाला नव्हता. निवडणूक महिन्याभरावर होती. अशा वेळी ओहायोतील केनियन कॉलेजात टाफ्ट बोलले की, कृत्य घडल्यानंतर केलेल्या कायद्याखाली शिक्षा देणे हे न्यायाच्या तत्त्वात बसत नाही, आणि जेत्यांनी जितांवर चालवलेला खटला हा न्यायाचे सोंग घेतलेला सूड होय. या गुन्हेगारांना नेपोलियनप्रमाणे आजन्म बंदिवासात ठेवावे, पण कायद्याच्या नावाने फासावर देऊ नये. दोन्ही पक्षांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढे १९४८ मध्ये टोकियोच्या खटल्यात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी जी भिन्नमतपत्रिका लिहिली, तिच्या मुळाशीही हाच आक्षेप होता. पाल यांचे नाव जपानमध्ये आजही आदराने घेतले जाते. टाफ्ट यांना या भाषणाने मते मिळणार नव्हती, ती जाणारच होती. जॉन केनेडी यांनी १९५६ मधील आपल्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकात टाफ्ट यांना स्थान दिले ते याच भाषणासाठी. नाझींच्या अपराधाचे अभूतपूर्व स्वरूप टाफ्ट यांच्या युक्तिवादात नीट सामावत नव्हते, आणि न्यूरेंबर्गमधूनच आजचा आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा वाढला, हेही खरेच आहे.

आता परराष्ट्र धोरणाकडे वळले पाहिजे, कारण आजच्या वारसदारांचा दावा तिथेच आहे. मराठी वाचकाला ‘अलिप्तता’ म्हटले की नेहरू आठवतात. टाफ्ट यांची अलिप्तता त्या जातीची नव्हती. दोन गटांमध्ये उभे राहून तिसरा आवाज उठवावा, असे त्यांना वाटत नव्हते. समुद्रापलीकडच्या भांडणांत पडायचे झाल्यास ते लोकप्रतिनिधींनी मोजूनमापून ठरवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जुलै १९४९ मध्ये ‘नाटो’ करार सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. त्या तेरांत टाफ्ट होते. करारामुळे युरोपला शस्त्रसज्ज करण्याची जबाबदारी गळ्यात पडेल, रशिया बिथरेल आणि वीस वर्षांसाठी देशाचे हात बांधले जातील, हे त्यांचे मुद्दे. पण काँग्रेसला न विचारता अमेरिका युद्धात ओढली जाईल, हा धागाही त्यात होता.

तो धागा वर्षभरातच ताणला गेला. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले. ट्रुमन यांनी दोन दिवसांत हवाई दल आणि नौदल उतरवले. २८ जूनला टाफ्ट सिनेटमध्ये उठले. कोरियाला मदत करण्यास आपला विरोध नाही, तसा ठराव आला तर आपण बाजूने मत देऊ. मात्र काँग्रेसच्या संमतीवाचून देशाला युद्धात नेण्याचा अध्यक्षांना अधिकार नाही, असे त्यांनी बजावले. ठराव कधी आलाच नाही. ‘पोलिसी कारवाई’ या गोंडस नावाखाली चाललेल्या या युद्धात ३६ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले. कोरियन आणि चिनी मृतांची गणना लाखांत होते. काँग्रेसने युद्ध घोषित न करता मोठे युद्ध लढता येते, हा पायंडा तिथे पडला आणि पुढच्या प्रत्येक अध्यक्षाला तो उपयोगी पडला.

जानेवारी १९५१ मध्ये वाद आणखी पेटला. युरोपात आणखी चार डिव्हिजन पाठवण्याचा निर्णय ट्रुमन यांनी स्वतःच्या अधिकारात घेतला आणि त्यावर सिनेटमध्ये तीन महिने चर्चा चालली. अमेरिकेच्या इतिहासात ती ‘महाचर्चा’ म्हणून ओळखली जाते. शेवटी सिनेटने चार डिव्हिजनना मान्यता दिली, पण यापुढे काँग्रेसच्या संमतीखेरीज आणखी सैन्य पाठवू नये, असेही ठरावात घातले. त्या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. निदान प्रश्न विचारला गेला होता.

टाफ्ट यांचे तत्त्व नेहमीच इतके स्वच्छ राहिले असे मात्र नाही. युरोपात सैन्य नको म्हणणारे टाफ्ट आशियात जनरल मॅकआर्थर यांच्या आक्रमक योजनांची तळी उचलत होते आणि फोर्मोसातील च्यांग कै-शेक यांच्या बाजूने बोलत होते. ट्रुमन यांना अडचणीत आणणारी कोणतीही काठी त्या दिवसांत त्यांना चालत होती. सर्वांत वाईट काठी जोसेफ मॅकार्थी यांची. सरकारी खात्यांत कम्युनिस्ट घुसल्याचे बेछूट आरोप मॅकार्थी यांनी १९५० मध्ये सुरू केले, तेव्हा एक प्रकरण फसले तर दुसरे काढा, बोलत राहा, असा सल्ला टाफ्ट यांनी दिल्याचे तेव्हाच वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. न्यूरेंबर्गच्या आरोपींना कायद्याचे संरक्षण मागणाऱ्या माणसाने स्वदेशी शिक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बदनामीकडे काणाडोळा करावा, याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने होत नाही. त्यामागे होती ती फक्त १९५२ ची निवडणूक.

कारण अध्यक्षपद हे त्यांचे खरे दुखणे होते. १९४० मध्ये वेंडेल विल्की, १९४८ मध्ये टॉमस ड्यूई अशा दोघांनी त्यांच्या हातून उमेदवारी हिसकावली होती. १९५० मध्ये कामगार संघटनांनी सारी शक्ती पणाला लावूनही ओहायोत ते सुमारे ४ लाख ३० हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. १९५२ हे आपले वर्ष, असे त्यांना वाटले तर नवल नव्हते. आड आले ते आयसेनहॉवर. यामागची एक हकिगत आयसेनहॉवर यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. १९५१ च्या आरंभी, नाटोच्या सेनापतिपदाची सूत्रे घेण्यापूर्वी, त्यांनी टाफ्ट यांना पेंटागॉनमध्ये भेटीला बोलावले. युरोपच्या सामुदायिक संरक्षणाला टाफ्ट यांनी पाठिंबा द्यावा, मग आपण राजकारणात उतरणार नाही असे जाहीर करू, असा त्यांचा मनसुबा होता. तसे निवेदनही तयार होते. टाफ्ट यांनी शब्द दिला नाही. ते गेल्यावर आयसेनहॉवर यांनी निवेदन फाडून टाकले. एका होकारावर व्हाइट हाउसची वाट मोकळी झाली असती, हे टाफ्ट यांना त्या खोलीत ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी त्यांनी होकार दिला असता का, हा प्रश्न त्यांच्या चरित्राचे वाचक आजही चघळतात.

जुलै १९५२ मधील शिकागोचे अधिवेशन टेक्सास, जॉर्जिया आणि लुइझियाना येथील वादग्रस्त प्रतिनिधींवरून गाजले. टाफ्ट यांच्या माणसांनी राज्य पातळीवर प्रतिनिधी लाटले, असा आरोप आयसेनहॉवर गटाने केला आणि त्यात तथ्य होते. नियमांचा आग्रह धरणाऱ्या नेत्याचा पराभव नियमांच्याच मुद्द्यावर झाला. पहिल्या फेरीअखेर आयसेनहॉवर ५९५ आणि टाफ्ट ५००. मग मिनेसोटाच्या प्रतिनिधींनी बाजू बदलली आणि खेळ संपला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमधील मॉर्निंगसाइड हाइट्स येथे दोघांची समजुतीची बैठक झाली. खर्चात कपात आणि कामगार कायद्याचे रक्षण यांची हमी घेऊन टाफ्ट प्रचारात उतरले. विरोधकांनी या भेटीला ‘मॉर्निंगसाइडची शरणागती’ म्हटले, शरणागती अर्थातच जनरलसाहेबांची.

जानेवारी १९५३ मध्ये ते सिनेटमध्ये बहुमताचे नेते झाले. आश्चर्य म्हणजे दोघांचे जमले. मॉस्कोतील राजदूतपदासाठी चार्ल्स बोलेन यांच्या नावाला मॅकार्थी यांनी सुरुंग लावला, तेव्हा टाफ्ट यांनी गुप्तचर खात्याची फाइल स्वतः पाहिली आणि बोलेन यांच्यात काहीही वावगे नाही, असे सभागृहाला सांगितले. नियुक्ती ७४ विरुद्ध १३ मतांनी संमत झाली. मॅकार्थी यांना आवर घालण्याची ही सुरुवात ठरली असती. पण एप्रिलमध्येच कमरेच्या दुखण्याने त्यांना ग्रासले. तो कर्करोग होता. जूनमध्ये कुबड्यांवर सिनेटमध्ये येऊन त्यांनी नेतेपद सोडले आणि ३१ जुलै १९५३ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये केनेडी यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने सिनेटच्या इतिहासातील पाच थोर सदस्य निवडले, त्यांत हेन्री क्ले, डॅनियल वेबस्टर, जॉन कॅल्हून आणि रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पंक्तीला टाफ्ट यांना बसवले. कॅपिटॉलजवळ २७ घंटांचा मनोरा त्यांच्या नावाने उभा आहे. अध्यक्ष न झालेल्या माणसाचे स्मारक म्हणून तो मोठाच म्हणायचा.

शुल्काविषयी एक खुलासा मात्र करायला हवा. टाफ्ट संरक्षणवादी होते, यात शंका नाही. पण व्यापारी करारांद्वारे शुल्क बदलण्याचा अधिकार अध्यक्षांना देणाऱ्या १९३४ च्या कायद्याला मुदतवाढ देण्यास त्यांचा विरोध होता. शुल्क किती असावे हे काँग्रेसने ठरवावे, हा आग्रह त्यामागे होता. एका सहीने शुल्क दुप्पट होणे आणि दुसऱ्या सहीने ते खाली येणे, या खेळाला त्यांनी परंपरावाद म्हटले नसते.

टाफ्ट यांना हरवणाऱ्या आयसेनहॉवर यांनी त्यांचा धडा मात्र गिरवला. जानेवारी १९५५ मध्ये फोर्मोसाच्या सामुद्रधुनीत चीनशी संघर्ष पेटण्याची चिन्हे दिसताच ते आधी काँग्रेसकडे गेले आणि सैन्य वापरण्याची संमती त्यांनी मागून घेतली. ती दोन्ही सभागृहांनी जवळजवळ एकमुखाने दिली. पण याच नमुन्यावर १९६४ मध्ये जॉन्सन यांनी टोंकिनच्या आखाताचा ठराव करून घेतला. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही नाही, सिनेटमध्ये केवळ दोन. आणि त्या कोऱ्या धनादेशावर व्हिएतनामचे युद्ध लढले गेले. संमती मागणे पुरेसे नसते, संमती देणाऱ्यांनी विचारही करावा लागतो, ही गोष्ट टाफ्ट यांच्या युक्तिवादात गृहीत होती, प्रत्यक्षात ती नव्हती. १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने युद्धाधिकारांचा कायदा केला, साठ दिवसांची मुदत घातली. १९९९ मध्ये कोसोव्होत क्लिंटन यांनी आणि २०११ मध्ये लिबियात ओबामा यांनी ती मुदत ओलांडली. लिबियाच्या वेळी अशी बॉम्बफेक म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लष्करी कारवाई’ नव्हेच, असा युक्तिवाद सरकारतर्फे करण्यात आला. तेव्हा रिपब्लिकन सदस्यांनी घटनेच्या नावाने मोठा गदारोळ केला होता. जून २०२५ च्या मतदानात त्या पक्षाच्या ५३ सिनेटरांपैकी ५२ जणांना तो आठवला नाही.